नातेवाईक संपले, आता पॉलिसी कुणाला विकू?

पत्र बार्शीहून आलंय, एका ताईंचं. नाव त्यांनी छापू नका म्हटलंय, कंपनीचं नावही मी गाळतोय. पत्र मोठं आहे, कामापुरतं देतो:

"काका, माझं वय 31, बी.कॉम. झालंय, दोन मुलं आहेत. मिस्टर ट्रान्सपोर्टमध्ये ड्रायव्हर, पगार 22 हजार. मी आधी घरी पाचवी ते सातवीच्या ट्युशन घ्यायचे, महिन्याला 6-7 हजार सुटायचे. साडेतीन महिन्यांपूर्वी एका विमा कंपनीच्या मॅनेजर साहेबांनी सांगितलं की घरबसल्या 30-40 हजार कमवाल, म्हणून परीक्षा दिली, पास झाले, एजंटचा कोड मिळाला आणि ट्युशन बंद केल्या. आतापर्यंत 7 पॉलिसी झाल्या, सगळ्या नात्यातल्या आणि शेजारच्या. हातात 14 हजार आले, त्यातले पेट्रोल आणि झेरॉक्समध्ये किती गेले ते लिहिलंच नाही. आता नावंच संपली. बाजार समितीतले एक दुकानदार पॉलिसी घ्यायला तयार आहेत पण म्हणतात पहिला तिमाही हप्ता तुम्ही भरा, साहेब म्हणतात सगळेच भरतात, महिनाअखेरचं क्लोजिंग आहे, भरून टाका. मिस्टर म्हणतात सोडून दे. मावसासूबाईंच्या फॉर्मवर तंबाखू-मिश्रीच्या रकान्यात साहेबांनी नाही लिहायला सांगितलं होतं, त्याचंही टेन्शन आहे. सोडू का चालू ठेवू? आणि वैरागची माझी नणंद बीमा सखी होऊ का विचारतेय, तिला काय सांगू?"

ताई, सोडू नका, पण आता जसं चाललंय तसं चालूही ठेवू नका. ट्युशन या महिन्यापासून परत सुरू करा, संध्याकाळचे दोन तास. आणि त्या दुकानदाराचा हप्ता भरू नका, साहेब कितीही म्हणाले तरी. बाकी सगळं सावकाश वाचलं तरी चालेल, या दोन गोष्टी मात्र लगेच करा.

मी या धंद्यात बरीच वर्षं आहे आणि माझ्याबरोबर ज्यांनी कोड घेतले त्यातले बहुतेक जण पहिल्या दीड-दोन वर्षांत बाहेर पडले. ते आळशी नव्हते हो. त्यांना सुरुवातीला कुणी हिशोबच सांगितला नाही, 30-40 हजार हा आकडा सांगितला आणि तो कसा बनतो ते सांगितलं नाही. तर आधी तो हिशोब करू.

एलआयसीचे आकडे घेतो कारण ते सगळ्या एजंटांच्या तोंडपाठ असतात, तुमच्या कंपनीचे थोडे वेगळे असतील, साहेबांकडून लेखी मागून घ्या. लांब मुदतीच्या साध्या एंडोमेंट, म्हणजे बचत आणि विमा एकत्र असलेल्या पॉलिसीवर एलआयसी पूर्वी पहिल्या वर्षी बोनस कमिशन धरून 35 टक्के द्यायची, ऑक्टोबर 2024 पासून सरेंडरचे, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडण्याचे नियम बदलले तेव्हा ते 28 वर आलं आणि पुढच्या वर्षांचं 5 चं साडेसात झालं. आता समजा तुमची सरासरी पॉलिसी वर्षाला 12 हजार हप्त्याची आहे, बार्शीसारख्या गावात नवीन एजंटची एवढीच असते. एका पॉलिसीचे पहिल्या वर्षी 3,360 रुपये. नुसत्या नव्या पॉलिसीवर महिन्याला 30 हजार पाहिजे असतील तर महिन्याला 9 पॉलिसी, दर महिन्याला, पावसाळ्यात पण आणि पितृपंधरवड्यात पण. वर्षाला शंभरच्या वर. तुमच्या ओळखीत शंभर घरं अशी आहेत का की ज्यांना 12 हजार बाजूला काढता येतात? नाहीत, माझ्याही नव्हती.

मग लोक या धंद्यात कमावतात कसे? तर रिन्युअलवर, म्हणजे जुन्या पॉलिसींचे पुढचे हप्ते येत राहतात त्यावरच्या कमिशनवर. समजा तुम्ही वर्षाला 40 पॉलिसी केल्या, हे मेहनत केली तर जमण्यासारखं आहे, आणि पाच वर्षं तेच केलं. पाचव्या वर्षी नव्या 40 चे 1,34,400 रुपये आणि मागच्या चार वर्षांच्या 160 पॉलिसी सगळ्या चालू असतील तर त्यांचे साडेसात टक्क्यांनी 1,44,000. दोन्ही मिळून महिन्याला साधारण 23 हजार. म्हणजे पाच वर्षं न थांबता काम केल्यावर तुम्ही मिस्टरांच्या आजच्या पगाराएवढं कमवता. पण यातली गोम अशी की त्या 160 मधल्या निम्म्या बंद पडल्या, म्हणजे लॅप्स झाल्या, तर 1,44,000 चे 72 हजारच उरतात आणि त्या निम्म्या घरांत तुम्हाला परत कुणी उभं करत नाही ते वेगळंच. म्हणून मी नव्या एजंटला नेहमी एकच गोष्ट विचारतो, किती पॉलिसी केल्यास असं नाही विचारत, दुसरा हप्ता किती जणांनी भरला ते विचारतो. कंपन्यासुद्धा तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी म्हणून हेच मोजतात.

तर आता तुमच्या त्या 7 पॉलिसी घेऊन बसा, वही काढा आणि प्रत्येकीपुढे लिहा की या घरात पुढचा हप्ता कुठल्या पैशातून येणार. पगारातून, सोयाबीनच्या पैशातून, तुरीतून, दुधातून का भिशीतून. ज्या नावापुढे तुम्हाला काहीच लिहिता येणार नाही ती पॉलिसी बंद पडणार हे आत्ताच समजा. तुम्ही लिहिलंय की दिरांची पॉलिसी महिन्याच्या हप्त्याची केलीय आणि ते शेती करतात. अहो, शेतकऱ्याकडे दर महिन्याला पैसे कुठून येणार, त्याचे पैसे सोयाबीन विकल्यावर दिवाळीच्या आसपास येतात नाहीतर तूर विकल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत. शिवाय महिन्याच्या हप्त्याला ग्रेस पिरियड, म्हणजे उशिरा भरायची सवलत, फक्त 15 दिवसांचा, वार्षिक-सहामाहीला 30 दिवस मिळतात. पॉलिसी ॲनिव्हर्सरीच्या वेळी मोड, म्हणजे हप्ता महिन्याचा का वर्षाचा ते, बदलून घेता येतो, तो वार्षिक करून घ्या, आणि पुढे शेतकऱ्याची पॉलिसी करताना सुरू होण्याची तारीखच अशी धरा की हप्ता माल विकल्यानंतर येईल. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत पण आपल्या भागात एवढ्या एका गोष्टीवर निम्म्या पॉलिसी टिकतात.

शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनींचं तुम्ही लिहिलंय, सहामाही 9 हजार, आणि पॉलिसीचं पुस्तक हातात येऊन वीस दिवस झालेत, आणि त्या आत्ताच म्हणतायत की पुढचं काही जमणार नाही. ताई, पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ग्राहकाला ती परत करता येते, फ्री लुक म्हणतात त्याला, स्टॅम्प ड्युटी, मेडिकल झालं असेल तर त्याचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या कव्हरचे पैसे कापून बाकी परत मिळतात. उद्या जाऊन त्यांना हे सांगा. तुमचं त्या पॉलिसीचं कमिशन परत जाईल, साहेब चिडतील, महिन्याचा आकडा एकाने खाली येईल. पण पहिल्या वर्षाचे हप्ते पूर्ण न भरता पॉलिसी बंद पडली तर त्या बाईचे 9 हजार गेल्यात जमा आहेत आणि ते तुमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातले आहेत. त्यांना खरंच विमा पाहिजे असेल तर झेपेल एवढ्या हप्त्याचा परत करून द्या, घाई नाही.

आता मावसासूबाई. हे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतंय आणि तुम्ही स्वतःहून लिहिलंत ते फार बरं केलंत. आपल्याकडे बायका मिश्री लावतात, तंबाखू-चुना खातात, त्याचं कुणाला काही वाटत नाही आणि फॉर्म भरताना एजंट रकान्यावर पटकन नाही अशी खूण करून मोकळा होतो. पण प्रपोजल फॉर्मवर सही त्यांची आहे. विमा कायद्याचं कलम 45 असं सांगतं की पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षं झाली की कंपनी तिच्यावर शंका घेऊ शकत नाही, पण तीन वर्षांच्या आत काही झालं, तोंडाचा कॅन्सर निघाला, मृत्यू झाला, तर कंपनी हॉस्पिटलचे कागद मागवते आणि त्यात डॉक्टरनी पहिल्याच ओळीत तंबाखूची सवय, इतकी वर्षं, असं लिहिलेलं असतं. मग क्लेम अडकतो. तेव्हा साहेबांची बदली झालेली असेल, दारात उभ्या राहणार तुम्ही. तर मावसासूबाईंना नीट समजावून सांगा, त्यांच्या सहीने कंपनीच्या ब्रँचला पत्र द्या की फॉर्ममध्ये ही माहिती चुकून राहिली होती ती नोंदवून घ्या, पत्राच्या झेरॉक्सवर पोच घ्या. कंपनी कदाचित हप्ता वाढवेल, कदाचित मेडिकल करायला सांगेल, फार तर पॉलिसी रद्द करेल. तिन्हीतलं काहीही झालं तरी ते आत्ता झालेलं चांगलं. आणि इथून पुढे प्रत्येक फॉर्म तुम्ही स्वतः मोठ्याने वाचून भरायचा, मराठीत, एकेक प्रश्न, जुनी ऑपरेशनं, शुगर, बीपी, तंबाखू, दारू सगळं. वेळ लागतो, लागू द्या.

दुकानदाराचं बघू. असे दुकानदार प्रत्येक बाजारपेठेत असतात आणि त्यांचाही फार दोष नाही, आधीच्या एजंटांनी त्यांना ही सवय लावलीय. पण हिशोब करून बघा. समजा 12 हजारांची पॉलिसी, तिमाही हप्ता 3 हजार. तुम्ही मनात धरता की वर्षाचं कमिशन 3,360 येणार आहे, त्यातले 3 हजार दिले तरी पॉलिसी मोजली जाईल आणि थोडं सुटेल. पण कमिशन वर्षाचं एकदम येत नाही, जेवढा हप्ता जमा झाला तेवढ्यावरच येतं. 3 हजारांवर 28 टक्के म्हणजे 840. तुमच्या खिशातून गेले 3 हजार, आले 840. आणि ज्याने पहिला हप्ता स्वतः भरला नाही तो दुसरा का भरेल? त्याचं काय अडलंय? तीन महिन्यांनी फोन उचलणार नाही. तुम्ही 2,160 रुपये घालवून एक लॅप्स पॉलिसी विकत घेतली, वर पर्सिस्टन्सी गेली.

शिवाय हे बेकायदेशीर आहे, आणि साहेबांनी हे सांगितलं नसेल म्हणून स्पष्ट लिहितो. विमा कायदा 1938 चं कलम 41, कमिशनमधला वाटा किंवा हप्त्यात सूट द्यायची नाही, आणि ग्राहकाने घ्यायची पण नाही, दंड 10 लाखांपर्यंत होऊ शकतो. कंपनीच्या माहितीपत्रकावर मागे बारीक अक्षरात हे कलम छापलेलं असतं, दुकानदाराला तेच पान दाखवा. भांडू नका, सरळ म्हणा की शेठ, हप्ता मी भरणार नाही, पण तुमची पॉलिसी केली तर दर तीन महिन्यांनी मी स्वतः आठवण करणार, नॉमिनीचं नाव बरोबर आहे का बघणार आणि उद्या काही झालं तर वहिनींबरोबर ब्रँचला मी येणार. यावर घेतली तर घेतली. नाही घेतली तर तो ग्राहक तुमचा नव्हताच. बार्शीसारख्या गावात एकाला हप्ता सोडला की महिन्याभरात सगळ्या लाइनीला कळतं आणि मग प्रत्येक जण मागतो, त्यातून परत वर येणं फार अवघड जातं, मी चांगले हुशार एजंट यात कर्जबाजारी झालेले बघितलेत. मार्चमध्ये दागिने गहाण ठेवून लोकांचे हप्ते भरतात, कंपनीच्या एजंटांच्या क्लबात नाव येतं, फोटो निघतो आणि पुढच्या मार्चपर्यंत सगळं लॅप्स.

साहेबांबद्दल एवढंच सांगतो की त्यांचं टार्गेट तुमच्यासारख्या एजंटांच्या आकड्यांवर चालतं, महिनाअखेर आली की त्यांच्यावरही वरून फोन सुरू होतात. त्यामुळे त्यांच्याशी वाईटपणा नको, शिकण्यासारखं असेल ते शिकून घ्या. पण त्यांच्या क्लोजिंगची तारीख ही तुमच्या घराच्या खर्चाची तारीख नाही. ते म्हणाले की नाहीतर कोड बंद होईल, तर कंपनीची वर्षाची किमान अट काय आहे ते लेखी मागा. दर महिन्याची म्हणून जी भीती घालतात ती बऱ्याच वेळा ब्रँचने आपल्या सोयीने काढलेली असते.

आता मुख्य प्रश्न, नावं संपली. नात्यातली नावं संपणं हे वाईट नाही, खरा धंदा तिथूनच सुरू होतो, फक्त त्याची पद्धत वेगळी असते. अनोळखी घरात जाऊन पॉलिसी घ्या म्हटलं की लोक चहा देतात आणि नंतर बघू म्हणतात. त्यापेक्षा त्यांच्या घरात आधीच ज्या पॉलिसी पडल्यात त्या बघून द्या. प्रत्येक घरात कपाटात एक पिशवी असते, त्यात चार-पाच जुन्या पॉलिसी असतात, कुणाची चालू, कुणाची कधीचीच बंद, एजंट कधीच सोडून गेलेला, काहींची मुदत संपून पैसे यायचे राहिलेले. तुम्ही म्हणा मला नवीन काही विकायचं नाही, पिशवी काढा, मी एका कागदावर सगळं लिहून देते, कुठली चालू, हप्ता कधी, मुदत कधी संपते, बंद पडलेली परत सुरू होईल का, बहुतेक साध्या पॉलिसी बंद पडल्यापासून पाच वर्षांपर्यंत सुरू करता येतात. दुसऱ्या कंपनीच्या असल्या तरी बघा. कमिशन एक रुपया मिळणार नाही.

आणि नॉमिनीची नावं बघा, हे तर बघाच. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं नाव बदलतं, कधी पहिलं नावसुद्धा बदलतं, पॉलिसीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेच्या पासबुकात तिसरंच स्पेलिंग. नवरा गेल्यावर ती बाई तेराव्यानंतर ब्रँचला जाते आणि तिथे तिला सांगतात की ही बाई तुम्हीच हे सिद्ध करा. मग ॲफिडेव्हिट, गॅझेट, वारस दाखला, तहसीलच्या चकरा. मी अशा बायकांबरोबर ब्रँचच्या बाकावर बसलोय, ते बघवत नाही. काही पॉलिसींवर लग्नाआधी लावलेली आई नॉमिनी असते आणि आई वारलेली. नवरा जिवंत असताना एका साध्या फॉर्मवर हे सगळं बदलता येतं. ज्या घरात तुम्ही हे एक काम करून द्याल त्या घरातून तुम्हाला पुढच्या दोन घरांची नावं न मागता मिळतील. आठवड्याला चार पिशव्या, एवढंच धरा.

त्याच वेळी विचारा की बँकेची 436 रुपयेवाली आहे का, प्रधानमंत्री जीवन ज्योती, 18 ते 50 वयापर्यंत घेता येते, वर्षाला 436 रुपयांत 2 लाखांचं कव्हर. आणि 20 रुपयेवाली अपघाताची. नसेल तर सांगा उद्याच बँकेत जाऊन करून घ्या. याचंही कमिशन तुम्हाला नाही. पण ज्या माणसाला तुम्ही बिनकमिशनची गोष्ट आधी सांगितली तो तुमची दुसरी गोष्ट नीट ऐकतो.

आणि यावरून एक विचारतो, रागावू नका. तुमच्या स्वतःच्या मिस्टरांचा विमा किती आहे? तुम्ही लिहिलंय की पहिली पॉलिसी त्यांचीच केली, 2 लाखांची मनी बॅक, म्हणजे मधून मधून पैसे परत देणारी. पगार 22 हजार, माणूस रात्रंदिवस हायवेवर ट्रक चालवतो, आणि विमा 2 लाख. म्हणजे जेमतेम नऊ महिन्यांचा पगार. देव न करो पण काही झालं तर दोन मुलांना घेऊन नऊ महिन्यांनंतर काय? साध्या टर्म इन्शुरन्समध्ये त्याच्या कितीतरी पट कव्हर मिळतं, शेवटी पैसे परत मिळत नाहीत एवढंच, आणि हप्ता लहान म्हणून एजंटला कमिशनही थोडकं, म्हणून ते कुणी सुचवत नाही. ड्रायव्हरला कंपन्या जास्त प्रश्न विचारतात, लायसन्स, उत्पन्नाचे कागद मागतात, पण मिळतं. आधी त्यांचा टर्म करा. मग तुम्ही दुसऱ्या ड्रायव्हरच्या घरी गेलात की स्वतःच्या घरचा कागद दाखवून बोलू शकाल, आणि ट्रान्सपोर्टमध्ये मिस्टरांबरोबरचे किती तरी ड्रायव्हर आहेत ज्यांना आजपर्यंत कुणी हे सांगितलेलं नाही. नावं संपली म्हणता, तिथे हात लावलाय का?

पैसे डबल होतात, बँकेपेक्षा जास्त मिळतं, हे तोंडातून कधी काढू नका. मनी बॅक, एंडोमेंटमध्ये परतावा कमीच असतो, ती शिस्तीची बचत आहे आणि सोबत थोडा विमा आहे, तसंच सांगायचं. ज्याला ते पाहिजे तो घेतो, घेणारे आहेत, हातात पैसे टिकत नाहीत म्हणून मुद्दाम घेणारे पण आहेत. तसंच मास्तर लोकांना टॅक्स वाचेल म्हणून सांगायची जुनी पद्धत आता फारशी उपयोगाची राहिली नाही, नव्या टॅक्स पद्धतीत 80 सी ची सूट मिळत नाही आणि आता तीच पद्धत आपोआप लागू होते. तर आधी विचारा की सर, तुम्ही जुन्यात आहात का नव्यात, मग बोला. एक चांगली बातमी सांगण्यासारखी आहे, 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि हेल्थच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झालाय, पूर्वी हेल्थवर आणि टर्मवर 18 टक्के जायचा. जुन्या समजुतीत असलेल्या कितीतरी लोकांना हे अजून माहीत नाही.

हेल्थवरून आठवलं, तुमचा कोड एका आयुर्विमा कंपनीचा आहे, दुसऱ्या आयुर्विमा कंपनीचा घेता येत नाही, पण एक हेल्थ कंपनी आणि एक जनरल कंपनी वेगळी घेता येते. वर्षभर थांबा, मग हेल्थचा विचार करा, तिथे दरवर्षी रिन्युअल असतं आणि लोक स्वतःहून फोन करतात. त्याआधी पोस्टाच्या आरडीची एजन्सी मिळते का बघा, महिलांसाठी असते ती, महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना, कमिशन 4 टक्के. 50 घरांतून सरासरी हजार रुपये गोळा झाले तर महिन्याला 2 हजार. रक्कम लहान आहे पण दर महिन्याला 50 घरांत तुमचं हक्काचं जाणं होतं, कुणाकडे लग्न ठरलं, कुणाला नोकरी लागली, कुठे बाळ झालं सगळं कळतं. जिल्ह्याच्या अल्पबचत कार्यालयात चौकशी करा.

हिशोबाची वही आजपासून. पेट्रोल, झेरॉक्स, मोबाईल, चहा, दिवाळीला वाटायच्या कॅलेंडर-डायऱ्या सगळं लिहायचं, 14 हजारांतले नक्की किती उरले हे तुम्हाला माहीत नाही हे मला पटलेलं नाही. वर्षाचं कमिशन 20 हजारांच्या वर गेलं की कंपनी 2 टक्के टीडीएस कापते, एवढ्या उत्पन्नावर टॅक्स लागत नाही तर रिटर्न भरून ते परत मिळवा, सोडू नका. रिटर्न असले की पुढे बँकेत कर्जालाही उपयोगी पडतात.

मिस्टरांचं म्हणणं चुकीचं नाही. घरातले 6-7 हजार बंद झाले आणि त्याजागी कधी 5 हजार, कधी शून्य आले, तर कोणीही म्हणेल सोड. त्यांना हा वरचा हिशोब दाखवा आणि मुदत ठरवून घ्या, आजपासून एक वर्ष. ट्युशनने घरखर्चाची बाजू सांभाळायची आणि विम्याचं पहिल्या वर्षाचं कमिशन घरात धरायचंच नाही, वेगळ्या खात्यावर ठेवायचं, खर्च त्यातूनच. ट्युशनच्या मुलांच्या आईबापांना वर्गात विम्याचं बोलू नका, त्यांनी विचारलं तर वेगळ्या वेळी घरी जा. वर्षाने दोन गोष्टी बघायच्या. आजच्या ज्या पॉलिसी राहतील त्यांचा दुसऱ्या वर्षाचा हप्ता आला का, आणि वर्षभरात झालेल्या नव्या पॉलिसींत निम्म्याहून जास्त अशा घरांतल्या आहेत का जिथे तुम्हाला आधी कुणी ओळखत नव्हतं. दोन्हीचं उत्तर हो असेल तर पुढे चला, तेव्हा पैसे कमी असले तरी चला. दोन्ही नाही असेल तर बिनधास्त सोडा, कमीपणा मानू नका, ट्युशन वाढवा. सोडताना मात्र प्रत्येक ग्राहकाला जाऊन सांगा की आता हप्ता कुठे भरायचा आणि ब्रँचमध्ये कुणाला भेटायचं.

राहिली नणंद. बीमा सखी ही एलआयसीची योजना आहे, डिसेंबर 2024 मध्ये सुरू झाली, दहावी पास आणि 18 ते 70 वयाच्या बायकांसाठी. तीन वर्षं स्टायपेंड असतो, पहिल्या वर्षी महिन्याला 7 हजार, दुसऱ्या वर्षी 6, तिसऱ्या वर्षी 5, कमिशन वेगळं. नवीन बाईला सुरुवातीचा जो कोरडा काळ असतो तो यात बराच सुसह्य होतो, म्हणून तुमच्या परिस्थितीपेक्षा तिची सुरुवात बरी होईल. पण तो पगार नाही आणि नोकरीही नाही, अट असते, वर्षाला 24 जणांच्या पॉलिसी आणि बोनस सोडून 48 हजार पहिल्या वर्षाचं कमिशन, म्हणजे महिन्याला दोन पॉलिसी आणि प्रत्येकीचं सरासरी 2 हजार कमिशन. दुसऱ्या वर्षीचा स्टायपेंड तर पहिल्या वर्षीच्या 65 टक्के पॉलिसी चालू असतील तरच. त्यामुळे नात्यात गळ घालून 24 केल्या आणि त्या बंद पडल्या तर दुसऱ्या वर्षी हातात काही येणार नाही. आई-वडील, भाऊ-बहीण, नवरा, सासू-सासरे यातलं कुणी आधीच एलआयसीत एजंट किंवा नोकरीला असेल तर मिळत नाही, तुमचा कोड दुसऱ्या कंपनीचा आहे त्यामुळे तुमची अडचण नाही, बाकी घरात कुणी आहे का विचारून घ्या. परीक्षा मराठीत देता येते. वैरागमध्ये आणि आजूबाजूच्या वाड्यांवर तिच्या बचत गटातल्या बायका असतील तर तिला म्हणावं फॉर्म भरायच्या आधी एकदा त्यांच्याबरोबर बसून विचार की महिन्याला कुणाला किती झेपतं. आणि तुम्ही दोघी एकाच घरात दोन पॉलिसी घेऊन जाणार नाही एवढं आपसात आधीच ठरवून ठेवा.